दुपारच्या गावातली चाल

दुपार झाली की आमच्या घरात एक माणूस चालायला निघतो. माझ्या अंगठ्याएवढा आहे, अंगात राखाडी कोट आहे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपमध्ये त्याचा मुक्काम असतो. तो ज्या गावातून चालतो तिथे सगळे जण दुपारचे झोपलेले असतात. दारं लावलेली, पडदे ओढलेले, आणि खिडक्यांच्या फटींतून झोपलेल्यांची स्वप्नं बाहेर येऊन रस्त्यावर तरंगत असतात. एक मासा हवेत पोहतो. एक शिलाई मशीन आपलं आपणच पिवळं कापड शिवत छपरांवरून निघून जातं. एक जिना कुठेच न पोहोचता वर वर चढत राहतो. माणसानं फक्त चालायचं. भिंतीला धडकला तर त्या घरातले लोक जागे होतात आणि त्यांचं स्वप्न विझतं. न धडकता चालला तर काहीच होत नाही. बक्षीस नाही, गुण नाहीत, शत्रू तर औषधालाही नाही. गावाच्या मधोमध एक पांढऱ्या पानांचं झाड आहे, ते सारखी पानं गाळत असतं. खेळ एवढाच.

हा खेळ मी लिहिला. कॉम्प्युटर गेम प्रोग्रॅमिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक जोडीनं एक गेम करून दाखवायचा असतो, आणि आमच्या विभागाचा दंडक असा की बाजारातलं तयार इंजिन वापरायचं नाही. चित्र पडद्यावर कसं उमटावं इथपासून माणसानं पाय कसा उचलावा इथपर्यंत सगळं आपलं आपण लिहायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी ड्रॅगन केले, बंदुका केल्या, एकानं तर अख्खी आकाशगंगा केली आणि ती फुटायचीही सोय केली. मी झोपलेलं गाव केलं.

"तू? आणि असला खेळ?" ढापण्यानं विचारलं होतं. ढापण्या म्हणजे प्रोजेक्टमधला माझा जोडीदार. चित्रं आणि आवाज त्याचे, प्रोग्रॅम माझा. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की तो रागावला तरी डोळे प्रेमळच दिसतात. त्याचं आश्चर्य रास्त होतं. मी जात्याच घाईची. बोलताना माझे शब्द एकमेकांच्या पायात येतात, जिना उतरताना मी पायऱ्या गाळते, आणि समोरचा हळू बोलला की त्याचं वाक्य मीच पुरं करून मोकळी होते. बाबा मला लहानपणापासून वावटळ म्हणतात.

बाबांनी तसं म्हणावं हे विशेषच, कारण घाई हा त्यांचा पेशा होता. ते आगीच्या बंबावर ड्रायव्हर होते. घंटा झाली की तोंडातला घास तोंडात ठेवून निघायचे. आग लागल्यावर विहीर खणायची म्हण कुणी त्यांच्यासमोर काढली तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. आता ते घरी असतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव लांबलचक सांगितलं, अर्थ मात्र छोटा होता: हळूहळू. आधी हात मंद झाले, मग पाय, मग शब्द. "आणखी किती?" असं आईनं विचारलं तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

आई दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात असते, चादरींच्या ढिगात. त्यामुळे दुपारी बाबांजवळ मी. विद्यापीठाच्या लॅबमधली नवीकोरी यंत्रं सोडून अख्खा गेम मी घरच्या टेबलावर लिहिला तो याच कारणानं. लॅपटॉप जुना, कोपऱ्यात तडा गेलेला, आणि थोडं काम सांगितलं की त्याचा पंखा घरघरायला लागायचा. मी लिहायचे, बाबा शेजारी खुर्चीत बसून बघायचे. गाव चालण्याजोगं झालं तसं मी एक दिवस लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

त्याआधी मी त्यांना फोनवरचे इतर गेम देऊन पाहिले होते. त्यांचं बोट बटणापर्यंत पोहोचेस्तोवर ते तिथे मेलेले असायचे. "पुन्हा... गेलो," म्हणायचे, हसायचे, आणि फोन उलटा करून ठेवायचे. तो उलटा ठेवलेला फोन मला बघवत नसे. झोपलेल्या गावात मात्र त्यांनी बोट टेकवलं आणि राखाडी कोटवाला चालायला लागला, अगदी निवांत, दोन घरांमध्ये येणारा उन्हाचा पट्टाही चवीनं ओलांडत. वळण यायच्या आत बाबांचं बोट सावकाश उचललं जायचं, सावकाश दुसऱ्या बटणावर जायचं, आणि माणूस तोवर भिंतीपाशी पोहोचलेलाच नसायचा. जगात सगळीकडे ज्यांना उशीर होत होता, ते तिथे वेळेवर होते.

झाडाजवळ गेलं की सगळं आणखीच मंद व्हायचं. पानं पडता पडता थबकायची, मासा हवेत रेंगाळायचा, कोटवाल्याचा एक पाय उचललेला तसाच थोडा वेळ राहायचा. बाबा तिथे थांबायचे. त्यांच्या ताठरलेल्या चेहऱ्यावर काहीतरी सैल व्हायचं. तसं का होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला आपलं वाटायचं, मी फारच सुंदर गेम केलाय.

परीक्षेचा दिवस उजाडला. विभागाच्या मोठ्या खोलीत भिंतभर पडदा, खाली एक नवं यंत्र, आणि पुढच्या रांगेत मॅडम. मॅडम गेमच्या कंपन्यांत वर्षानुवर्षं काम करून शिकवायला आलेल्या. त्यांनी कुणाची स्तुती केल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि कुणाची निंदा केली तर ती मात्र पुढच्या बॅचपर्यंत पोहोचायची.

ढापण्यानं लावलेलं संथ संगीत सुरू झालं. गाव उमटलं. मी बटण दाबलं आणि माणूस नाहीसा झाला.

तो गावाच्या पार पलीकडच्या भिंतीला चिकटलेला सापडला. वाटेत त्यानं अख्खी आळी जागी केली होती. मासा पडद्यावरून सणकन गेला, शिलाई मशीनचा नुसता पिवळा ओरखडा दिसला, आणि झाडानं आपली सगळी पानं कुणी बादली उपडी करावी तशी ओतली. एका ओट्यावर झोपलेल्या आजोबांचं पोट श्वासानं इतक्या वेगानं खाली-वर होत होतं की मागच्या रांगेतून कुणीतरी "अहो, डॉक्टरांना बोलवा!" असं ओरडलं. वर्गाची हसून हसून मुरकुंडी वळली. ढापण्यानं चष्मा काढून हातात धरला, म्हणजे त्याला काही दिसू नये.

मॅडम हसल्या नाहीत. "प्रत्येक चित्राला एक पाऊल असं लिहिलंयस ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

गोष्ट साधी आहे. गेममध्ये पडद्यावरचं चित्र क्षणाक्षणाला पुसून नव्यानं काढलं जातं. जुनं यंत्र थोडी चित्रं काढतं, नवं यंत्र भराभर पुष्कळ काढतं. माणूस किती सरकला हे गेलेल्या वेळावरून ठरवायचं असतं, काढलेल्या चित्रांवरून नाही. नाहीतर यंत्र जितकं जोरकस, तितका माणूस सुसाट.

"पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतो आम्ही हे," मॅडम म्हणाल्या. "पोरं चुकतात, पण पहिल्याच वर्षी चुकतात. सोमवारी पुन्हा दाखव. जमलं तर ठीक, नाहीतर वर्ष पुन्हा करावं लागेल. दोघांनाही."

घरी जाताना ढापण्या एक शब्द बोलला नाही आणि मी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्याच्या वतीनंही काही बोलले नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या गावाची ती स्वप्नातली चाल ही माझी करामत नव्हतीच, ती लॅपटॉपला लागलेली धाप होती. झाडाखाली काळ थबकायचा, कारण तेवढी पानं काढता काढता बिचारा मेटाकुटीला यायचा. आणि मी वर्षभर त्याच्या दम्याला स्वतःची प्रतिभा समजून मिरवत होते. मला इतका राग आला की मी वाटेतला एक दगड लाथाडला. तो दगड जमिनीत घट्ट रुतलेला निघाला.

चूक दुरुस्त करायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. पानं काढायची पद्धत सुधारली, लॅपटॉपची धाप थांबली. आता फक्त एक आकडा लिहायचा होता: सेकंदाला माणसानं किती अंतर चालावं. मी सगळे टाकतात तोच टाकला. निरोगी, तरण्याताठ्या माणसाची चाल. मग लॅपटॉप बाबांपुढे ठेवला आणि हात झटकले.

त्यांनी बोट टेकवलं. कोटवाला तरातरा निघाला. बाबांचं बोट उचललं जायच्या आत तो पहिल्या भिंतीवर आदळला. मासा विझला. ते वळवायला गेले, तो समोरच्या घरावर आदळला. शिलाई मशीन विझलं. तिसऱ्या घरातून जागं झालेलं बाळ रडायला लागलं, तो आवाज ढापण्यानं फार मन लावून केला होता. बाबा प्रयत्न करत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. झाडापर्यंत पोहोचेपर्यंत गाव टक्क जागं होतं आणि रस्ते रिकामे होते.

त्यांनी हात मांडीवर घेतला. "इथं... पण," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "इथं पण... उशीर."

मी उठून नळ सोडला आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. जगातली सगळी दारं त्यांच्यासाठी फार लवकर बंद व्हायला लागली होती, आणि उघडं राहिलेलं एक दार आज मी स्वतःच्या हातानं, शिवाय बरोबर पद्धतीनं, लावलं होतं.

"अगं, मग जुनाच वेग मोज आणि टाक," ढापण्या फोनवर म्हणाला. "एवढं काय घोडं अडलंय?"

"जुना वेग एक नव्हताच रे. दर गल्लीत वेगळा होता. जिथे चित्र जड, तिथे हळू. कुठला टाकू?"

"मला काय विचारतेस? तूच लिहिलायस ना?"

"तेच तर. मी नव्हता लिहिला."

फोन ठेवला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टेबलाला धरून ते उभे राहायला लागले, आणि उभं राहणं म्हणजे त्यांचा एक स्वतंत्र प्रवास असतो. "चल," म्हणाले. "मोज... मला."

आमच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी आहे, एका टोकाला आमचं दार, दुसऱ्या टोकाला लिफ्ट. एरवी तिथून जाताना मी पुढे जाऊन लिफ्टचं दार धरून उभी राहते. आज मोजायचं होतं म्हणून त्यांच्या बाजूनं चालावं लागलं. पाऊल बरोबर टाकायचं, त्यांचं पडेपर्यंत आपलं अधांतरी ठेवायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या चार दारांपर्यंत माझे पायच ऐकेनात.

मग हळूहळू ते ऐकायला लागले. गॅलरीत दुपार साचून राहिली होती. कुठल्याशा घरातून रेडिओ पुटपुटत होता, कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल एवढ्याशा वाऱ्यानं फुगत होता आणि पुन्हा पडत होता. त्या टॉवेलचं फुगणं मी अख्खं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्या गॅलरीतून किती वेळा गेले असेन, पण ती मी कधी पाहिलीच नव्हती, नुसती पार केली होती. खालच्या भिंतीवर एक मांजर उन्हाबरोबर सरकत होतं. ऊन पुढे गेलं की तेही तेवढंच पुढे.

बाबा थांबले.

"दम लागला?"

त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा चालायला लागले आणि पुढच्या खिडकीशी पुन्हा थांबले. मी आधारासाठी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

"मग काय झालं बाबा?"

"बघतोय," ते म्हणाले. मग एकेक शब्द येत गेला, आणि मी एकही स्वतःहून जोडला नाही. "बंबावर... फक्त समोर. बाजूचं... कधी... दिसलं नाही."

मला वाटायचं ते थकून थांबतात. आईलाही तसंच वाटायचं. आम्ही दोघी त्यांना खुर्ची द्यायला धावायचो आणि हा माणूस मांजर बघत उभा असायचा.

त्या दिवशी मी त्यांची चाल गावाला दिली. आणि कोटवाला झाडाजवळ, माशाखाली, जिन्यापाशी आला की वेळच मंद होईल अशी सोय केली. या वेळी लॅपटॉपची धाप नव्हती, एकेक ओळ मी समजून उमजून लिहिली होती. बाबांनी खेळून पाहिलं. झाडाखाली गेले आणि बसून राहिले. पांढरी पानं त्यांच्या चष्म्याच्या काचांतून खाली उतरत होती. मी शेजारी हनुवटी टेबलावर टेकवून पडले होते, आणि पानं लॅपटॉपमधून बाहेर येऊन फरशीवर पडतील, मग ती गोळा करावी लागतील, असं मला अर्धवट गुंगीत वाटत राहिलं.

सोमवारी मॅडमनी गेम स्वतः हातात घेतला.

"पळायचं बटण कुठलंय?"

"नाहीये, मॅडम."

त्या चालत राहिल्या. मागच्या रांगेत कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं जांभई दिली. ढापण्यानं वळून त्याच्याकडे रागानं पाहिलं, ते अर्थातच प्रेमळ दिसलं.

"झाडाजवळ मशीन अडखळतंय."

"मशीन नाही. मी अडखळवलंय," मी म्हणाले आणि त्या ओळी पडद्यावर आणल्या. "हे इथे, मुद्दाम."

त्यांनी वाचलं. ओळी वर-खाली सरकवून पुन्हा वाचल्या. "आणि चालीचा हा आकडा? हा कुठून काढलास? इतका कमी कुणी ठेवत नाही."

"आमच्या गॅलरीतून. माझ्या बाबांची चाल आहे ती."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू? मला कंटाळा आला," त्या म्हणाल्या. "पण चूक राहिलेली नाही. प्रत्येक गोष्ट का आहे ते तुला माहीत आहे. पास." ढापण्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. मॅडम उठता उठता थांबल्या. "एक मात्र सांगते. आकडा तू पक्का लिहून टाकलायस. माणसाची चाल काय कायम तीच राहते? पुढे बदलेल. बदलता ठेव."

त्यांनी ते प्रोग्रॅमबद्दल सांगितलं होतं, आणि प्रोग्रॅमबद्दल ते अगदी बरोबर होतं. बाकी सगळ्यांनी वहीत उतरवूनही घेतलं असेल. मी मात्र जिन्यात बसून पोटभर रडले, आणि ढापण्या बिचारा, पास होऊन ही का रडतेय ते न कळून, माझ्या शेजारी पाण्याची बाटली धरून बसला.

त्यानंतर मी आकडा काढूनच टाकला. परीक्षा संपली होती, आता हे फक्त घरासाठी होतं. बोट बटणावर टेकायला किती वेळ लागतो, उचलायला किती, वळणाआधी किती वेळ थांबतं, हे गाव आता स्वतःच पाहतं आणि त्याप्रमाणे कोटवाल्याची चाल ठरवतं. खेळणारा भराभर असला तर गाव भराभर, खेळणारा मंद झाला तर मासाही मंद, मशीनही मंद, गाढ झोपलेल्या आजोबांचा श्वासही मंद. सगळं नीट चाललंय ना, हे कळावं म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात मी चालीचा आकडा बारीक अक्षरात दिसत ठेवला होता. आम्ही प्रोग्रॅमवाले असं करतोच. बाबांना तो वाचता येण्याएवढा मोठा नव्हता.

दुपारमागून दुपार गेली. मला नोकरीचं बघायचं होतं, ते मी टेबलाच्या या बाजूला बसून बघत होते. बाबा त्या बाजूला चालत होते. आकडा कधी एके जागी राहायचा, कधी किंचित उतरायचा. वर गेलेला मी पाहिला नाही.

आज त्यांनी गावाला पूर्ण फेरी घातली. इतक्या सावकाश की खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलं. कुठेही धडकले नाहीत. एकही स्वप्न विझलं नाही, बाळ रडलं नाही, शिलाई मशीन छपरांवरून आपलं पिवळं कापड शिवत राहिलं. झाडाखाली पोहोचल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांचे डोळे चमकत होते.

"एकदाही... नाही धडकलो," ते म्हणाले. मी थांबून राहिले. "सुधारतोय... मी. नाही का गं?"

कोपऱ्यातला आकडा आजवरचा सगळ्यात लहान होता.

"मग! तुम्ही तर सुटलाच आहात बाबा," मी म्हणाले. "मलाच गाठता येत नाहीये."

ते हसले आणि परत पानांकडे वळले. ते खुर्चीतच पेंगल्यावर मी लॅपटॉप आवाज न करता माझ्याकडे ओढला, कोपऱ्यात आकडा दाखवणारी ती ओळ शोधली आणि पुसून टाकली. गाव मोजत राहील. त्याला मोजावंच लागेल, नाहीतर त्यांच्याबरोबर चालता यायचं नाही. पण आता ते कुणाला सांगणार नाही, मलाही नाही.

संध्याकाळी आई आली. हातांना साबणाचा वास, दारातच चपला काढता काढता तिनं नेहमीसारखं हलक्या आवाजात विचारलं, "आज कसे होते?"

"एकदाही धडकले नाहीत," मी म्हणाले.